प्रबंधलेखन : ताण, उत्साह आणि समत्व

विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळविण्यासाठी जो प्रबंध लिहावा लागतो, त्याविषयी आपल्या समाजात दोन समज रूढ आहेत. प्रबंध लिहिणे हे असामान्य बुद्धीच्या मोजक्या माणसांचे काम आहे, हा पहिला समज. ग्रंथालयातील चार पुस्तके समोर ठेवून पाचवे तयार केले की प्रबंध होतो, हा दुसरा. हे दोन्ही समज परस्परविरुद्ध दिसत असले, तरी त्यांचा परिणाम एकच होतो. प्रबंध लिहीत असताना लिहिणाऱ्याच्या मनाची काय अवस्था होते, तो कशाने खचतो आणि कशाने उभारी धरतो, याचा विचार करण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

हा विचार करणे आज अगत्याचे झाले आहे. आपल्या वस्त्यांतून आणि खेड्यांतून आलेले अनेक तरुण-तरुणी आज निरनिराळ्या विद्यापीठांत संशोधनासाठी नाव नोंदवितात. त्यांपैकी बहुतेकांच्या घरात पदवीधर होणारी हीच पहिली किंवा दुसरी पिढी असते. काहींचे काम तडीस जाते. काहींचे तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापाशी थांबते. थांबलेल्या कामाचे कारण विचारले, तर 'आपल्याच्याने होणार नाही' असे उत्तर पुष्कळदा मिळते. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची नामावली आपल्याकडील शाळकरी मुलांनाही पाठ असते. जयंतीच्या फलकांवर एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ ही अक्षरे आपण अभिमानाने लिहितो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु पदव्यांची यादी वाचून त्यांमागील लेखनाचा इतिहास कळत नाही. बाबासाहेबांचा एक प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत केला होता, आणि दुसरी पदवी प्रबंध सादर केल्यानंतर ११ वर्षांनी त्यांच्या नावे रीतसर जमा झाली, ही माहिती फलकावर येत नाही. आज प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्याला मात्र यादीपेक्षा या इतिहासाचाच अधिक उपयोग आहे.

ताण कोठून उत्पन्न होतो?

कोणत्याही दुःखाचा विचार करताना प्रथम त्याचे कारण शोधावे, ही तथागतांनी घालून दिलेली पद्धत आहे. तिला अनुसरून आपण प्रबंधाच्या ताणाची कारणे पाहू.

सोळा-सतरा वर्षे विद्यार्थी परीक्षा देत आलेला असतो. परीक्षेत प्रश्न दुसऱ्याचा असतो, त्याचे उत्तर कोणास तरी ठाऊक असते आणि तीन तासांत सारे संपते. प्रबंधात याच्या अगदी उलट घडते. प्रश्न स्वतःलाच शोधावा लागतो. त्याचे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. ठाऊक असते तर संशोधनाची गरजच उरली नसती. आणि हे काम तासांत नव्हे, वर्षांत मोजले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे धरलेली आहेत; पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात, आणि स्त्री संशोधकांना तसेच ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. नियमांतच एवढा अवधी गृहीत धरलेला असताना दुसऱ्या वर्षीच 'आपण मागे पडलो' म्हणून जो विद्यार्थी हताश होतो, तो प्रबंधाला परीक्षेचे माप लावीत असतो.

दुसरे कारण विषयाच्या विस्ताराचे. एक दस्तऐवज पाहावा, तर तो दहा नव्या दस्तऐवजांकडे बोट दाखवितो. टिपणे वाढत जातात, वह्या भरतात, आणि लेखन मात्र एका पानाने पुढे सरकत नाही. अशा वेळी वाचन हेच लेखन टाळण्याचे साधन बनते. तिसरे कारण एकाकीपणाचे. विषय जितका सूक्ष्म, तितके तो समजणारे लोक थोडे. घरच्यांना आस्था असते. पण 'तुझे ते पुस्तक कधी संपणार?' यापलीकडे त्यांना काय विचारावे हे कळत नाही. चौथे कारण मूल्यमापनाचे. स्वतः विचार करून लिहिलेल्या वाक्यावर कोणी लाल रेघ ओढली, तर ती रेघ वाक्यावर नसून आपल्यावर ओढली आहे असे लिहिणाऱ्याला वाटते. पाचवे कारण पैशाचे. त्याचा विचार पुढे येईलच.

ही पाच कारणे सर्वच संशोधकांना लागू आहेत. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यांत आणखी एका ओझ्याची भर पडते. आपले प्रकरण परत आले, तर आपण एकटे नापास झालो नाही, आपला सारा समाज नापास झाला, असे त्यांना वाटू लागते. ज्या घरात तीन पिढ्या विद्यापीठ पाहिलेले आहे, तेथील मुलाला परत आलेले प्रकरण म्हणजे नेहमीची दुरुस्ती वाटते. पहिल्या पिढीच्या मुलाला तोच आपल्या पात्रतेवरील निकाल वाटतो. कागद तोच, शेरा तोच. अर्थ मात्र वेगळा. हा फरक बुद्धीमुळे पडत नाही. परत येणे हा प्रबंधलेखनाचा नित्याचा भाग आहे, हे सांगणारे वडीलधारे माणूस एकाच्या घरी असते आणि दुसऱ्याच्या घरी नसते, एवढाच तो फरक आहे. म्हणून ते वडीलधारेपण आपण बाबासाहेबांच्याच चरित्रातून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

चौदा वर्षांचा इतिहास

१९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार यांचे निधन झाले होते. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती ३ वर्षांची होती आणि तिच्या मोबदल्यात १० वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. म्हणजे अभ्यासाचा एकेक महिना मोजलेला होता. या मोजक्या अवधीत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचे प्राथमिक शिक्षणही घेतले. १९१५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थव्यवहार या विषयावर लेखन करून एम.ए.ची पदवी मिळविली. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला, आणि पुढच्याच महिन्यात भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक अभ्यास करणारा पीएच.डी.चा प्रबंध सादर केला.

येथपर्यंतचा इतिहास वेगाचा आहे. पुढचा इतिहास खोळंब्याचा आहे, आणि तोच आपण लक्षपूर्वक वाचावयास हवा. कोलंबिया विद्यापीठाच्या तत्कालीन नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याखेरीज पदवी प्रदान होत नसे. छपाईला पैसा लागत असे, आणि तो जवळ नव्हता. १९१६ मध्येच बाबासाहेब लंडनला गेले. तेथील स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. ऑक्टोबर १९१७ पासून ४ वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली, एवढाच काय तो आधार होता. महायुद्ध चालू होते. ज्या जहाजातून त्यांचे सामान आणि पुस्तके येत होती, ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. पुढे बडोद्यात त्यांच्या वाट्याला जे आले, ते वाचकांना ठाऊकच आहे. तेथे राहावयास जागाही मिळू दिली गेली नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या पगारातून त्यांनी लंडनसाठी पैसे साठविले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला. एकीकडे चळवळ हाक देत होती आणि दुसरीकडे परवानगीची ४ वर्षे संपत आली होती. स्वतःची शिल्लक, नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. इकडे परळच्या चाळीत माता रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढीत होत्या. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर एकाच माणसाचे नाव असते. त्याचा खर्च मात्र अनेकांनी सोसलेला असतो.

लंडनमधील दिनक्रमाचे जे वर्णन चरित्रकार धनंजय कीर यांनी केले आहे, त्यावरून दिसते की सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सर्वांच्या आधी शिरावे, दिवसभर तेथे आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात टिपणे काढावीत, आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचीत बसावे, असा तो क्रम होता. न्याहारी जेमतेम आणि रात्रीची भूक पापडांवर भागविलेली. १९२१ मध्ये प्रांतिक अर्थकारणाच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधास एम.एस्सी. मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी.एस्सी.साठी सादर केला.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी या प्रबंधाला हरकत घेतली. त्यातील ब्रिटिश धोरणावरील टीका त्यांना बोचली होती, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. निष्कर्ष तेच ठेवून मांडणी पुन्हा करावी, असे सुचविण्यात आले. हातचा पैसा तोवर संपत आला होता. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईस परतले, प्रबंधाचे पुनर्लेखन येथेच केले आणि तो लंडनला धाडला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशन संस्थेने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याच प्रकाशन संस्थेने १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ छापला. त्याला कोलंबियातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. या ग्रंथाच्या छापील प्रती कोलंबियास सादर झाल्यावर ८ जून १९२७ रोजी पीएच.डी.ची पदवी रीतसर प्रदान झाली. त्या आधी अडीच महिने, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले होते.

जुलै १९१३ पासून जून १९२७ पर्यंत ही जवळजवळ १४ वर्षे होतात.

या इतिहासाचा बोध

या हकीकतीतून तीन गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट परत येण्याविषयीची. परीक्षकांचा शेरा आल्यावर बाबासाहेबांनी मांडणी आणि निष्कर्ष या दोहोंत भेद केला. मांडणी ही वाचकासाठी असते. ती बदलता येते आणि बदलल्याने बहुधा सुधारते. निष्कर्ष पुराव्यावर उभा असतो. पुरावा बदलल्याखेरीज तो बदलू नये. ज्या विद्यार्थ्याच्या हाती लाल रेघांचे प्रकरण येईल, त्याने प्रत्येक रेघेला हा एकच प्रश्न विचारावा : ही सूचना माझ्या मांडणीविषयी आहे, की निष्कर्षाविषयी? पहिल्या प्रकारच्या सूचना निमूटपणे स्वीकाराव्यात. दुसऱ्या प्रकारच्या सूचनेला पुरावा मागावा आणि पुराव्यानेच उत्तर द्यावे. असे वर्गीकरण केले की, डोंगराएवढा वाटणारा अपमान आठ-दहा दिवसांच्या कामात रूपांतरित होतो.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकाविषयीची. बाबासाहेबांचे लंडनमधील मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी स्पष्ट म्हटले की, प्रचलित सुवर्ण-विनिमय पद्धतीला लेखकाचा जो विरोध आहे तो आपणांस मान्य नाही. तथापि लेखकाच्या विचारांतील ताजेपणाची आणि अनेक ठिकाणी नेमक्या जागी घातलेल्या घावांची त्यांनी मनमोकळी दाद दिली. इकडे बाबासाहेबांनीही आपल्या निवेदनात लिहिले की, ग्रंथातील मतांची जबाबदारी गुरूंवर नाही. परंतु त्यांच्या कठोर तपासणीने आपण पुष्कळ चुकांपासून वाचलो. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाने ज्या पद्धतीची बाजू उचलून धरली होती, तिच्याविरुद्ध एक विद्यार्थी लिहितो, मार्गदर्शक त्याच्याशी असहमत असतो आणि तरीही त्याच्या पाठीशी उभा राहतो. मार्गदर्शकाने सहमत असलेच पाहिजे, हा समज आणि सहमत नसलेला मार्गदर्शक शत्रूच असतो, हा समज, दोन्ही सोडून द्यावे.

तिसरी गोष्ट मदतीविषयीची. बडोद्याची शिष्यवृत्ती, भथेनांचे कर्ज, शाहू महाराजांचे साहाय्य, रमाईंचे कष्ट, दोन खंडांतील दोन गुरूंचा आधार, आणि मुद्रिते तपासण्याचे रूक्ष काम आनंदाने अंगावर घेणारे विल्सन कॉलेजातील प्रा. वाडिया, एवढी माणसे या प्रबंधांभोवती उभी होती. बाबासाहेबांनी त्यांतील अनेकांचे ऋण छापील पानावर नोंदवून ठेवले. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी माता-पित्यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. मदत मागितली म्हणजे पात्रता कमी ठरते, असे मानणाऱ्यांनी ही पाने अवश्य पाहावीत.

उत्साहाचे स्वरूप

आतापर्यंत आपण ताणाचाच विचार केला. परंतु केवळ ताण असता, तर १४ वर्षे कोणी टिकले नसते. प्रबंधाच्या कामात एक विलक्षण आनंद असतो. आतापर्यंत सुटी वाटणारी दोन टिपणे एकमेकांना जाऊन भिडतात. एखाद्या जुन्या अहवालातील आकडा आपल्या शंकेला दुजोरा देतो. जगात ही गोष्ट या क्षणी आपल्या एकट्यालाच दिसली आहे, असे जाणवते. त्या रात्री झोप येत नाही, आणि न आल्याचे वाईटही वाटत नाही.

पालि वाङ्मयात ज्ञानाची जी सात अंगे, म्हणजे बोज्झंग, सांगितली आहेत, त्यांचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सती, धम्मविचय, विरिय, पीति, पस्सद्धि, समाधी आणि उपेक्खा असा तो क्रम. धम्मविचय म्हणजे वस्तूचे पृथक्करण करून केलेले परीक्षण. त्यातून विरिय, म्हणजे काम करण्याचे बळ येते. आणि त्या बळातून पीति, म्हणजे आनंदाची उभारी येते. उत्साह आधी यावा आणि मग काम करावे, असे हा क्रम सांगत नाही. आधी परीक्षण, मागाहून उत्साह, असेच तो सांगतो. 'मन लागेल तेव्हा लिहीन' असे म्हणणाऱ्याची फसगत येथेच होते.

मात्र क्रम पीतिपाशी संपत नाही. तिच्यानंतर पस्सद्धि, म्हणजे शांतता आहे. शांततेपर्यंत न पोहोचलेला उत्साह उद्धच्चात, म्हणजे चंचलतेत जमा होतो. एका नव्या कल्पनेच्या भरात सारा आराखडा मोडावा, आठवड्याने दुसरी कल्पना सुचली की तीही सोडावी, आणि अखेर कुक्कुच्चाने, म्हणजे केलेल्या-न केलेल्या कामाच्या टोचणीने ग्रासून जावे, हा अनुभव संशोधकांना नवा नाही. उत्साह आणि ताण या दोन वेगळ्या वस्तू नाहीत; एकाच शक्तीची ती आवरलेली आणि न आवरलेली रूपे आहेत.

यावर संयुत्तनिकायात अग्नीच्या उपमेने एक व्यवहार्य उपदेश आलेला आहे. लहान विस्तव पेटवावयाचा असेल तर त्यावर ओली लाकडे टाकू नयेत. मोठा वणवा विझवावयाचा असेल तर त्यावर सुकी लाकडे टाकू नयेत. मन मरगळलेले असेल तेव्हा परीक्षण, बळ आणि आनंद या अंगांची जोपासना करावी. मन उसळलेले असेल तेव्हा शांतता, समाधी आणि उपेक्खा यांची. सती, म्हणजे जागरूकता, मात्र दोन्ही वेळी हवीच. प्रबंधाच्या भाषेत याचा अर्थ असा की, मरगळीच्या दिवशी नवा दस्तऐवज उघडावा, मूळ प्रश्न कोणा मित्राला मोठ्याने समजावून सांगावा, एक परिच्छेद तरी लिहावा. उसळीच्या दिवशी तळटिपा तपासाव्यात, आकडे मूळ अहवालाशी पडताळावेत, संदर्भसूची लावावी. नवी कल्पना एका कागदावर लिहून तो कागद आठवडाभर बाजूस ठेवावा. कोणत्या दिवशी कोणते काम करावे, हे आपल्याच मनाकडे पाहून ठरविणे म्हणजे सती.

सोणाची वीणा आणि सोणाच्या वहाणा

याच विषयावरील सोण कोळिविसाची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आणि अंगुत्तरनिकायात आलेली आहे. चंपा नगरीतील अत्यंत सुखवस्तू घरातला हा तरुण भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात साधना करू लागला. चालून चालून त्याचे पाय फुटले, चंक्रमणाची जागा रक्ताने माखली, तरी साध्य हाती येईना. त्याच्या मनात आले की, एवढा प्रयत्न करूनही मला मुक्ती मिळत नाही. घरी संपत्ती आहे, परत जाऊन तिचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करावा. प्रबंध अर्धा टाकून घरी निघालेल्या विद्यार्थ्याचे मन याहून वेगळे नसते.

भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, आणि आणखी कष्ट कर असेही सांगितले नाही. त्यांनी त्याला त्याच्याच जाणत्या विषयातील प्रश्न विचारला. गृहस्थ असताना सोण वीणा उत्तम वाजवीत असे. तारा फार ताणल्या असता वीणा सुरेल वाजते काय? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. समप्रमाणात लावल्या, तरच वाजते. त्याप्रमाणे अतिप्रयत्नाने चंचलता येते आणि अल्पप्रयत्नाने आळस येतो. म्हणून विरियाची समता राखावी, असा तो उपदेश आहे. या समतेचा अर्थ कमी काम करणे असा नव्हे. तार सैल सोडून वीणा वाजत नाही, हेही त्याच उपदेशात आहे. रोज ठराविक वेळी बसावे, ठराविक वेळी उठावे आणि उठल्यावर अपराधी वाटून घेऊ नये, असा तिचा अर्थ आम्ही करतो.

ही कथा सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. महावग्गातील वृत्तांत मात्र येथे थांबत नाही. सोणाचे फुटलेले पाय पाहून भगवंतांनी त्याला एका पदराच्या तळाच्या वहाणा वापरण्यास अनुमती दिली. सोणाने विनविले की, ही सवलत माझ्या एकट्यासाठी असेल तर मी ती घेणार नाही. संघाला दिली तर मीही घेईन. तेव्हा भगवंतांनी साऱ्या संघाला वहाणांची अनुमती दिली. साधकाला तार सांभाळण्याचा उपदेश झाला. पण वाट खडकाळ आहे हे ओळखून नियमही बदलला गेला, आणि तो सर्वांसाठी बदलला गेला.

आम्हांस या दुसऱ्या भागाचे महत्त्व पहिल्याइतकेच वाटते. प्रबंधाच्या सर्वच ताणावर मनाच्या समतेचा उपाय चालत नाही. अधिछात्रवृत्ती महिनोन्‌महिने न मिळणे, मार्गदर्शकाने भेटच न देणे, आडनाव विचारून वागणूक बदलणे, या गोष्टी विद्यार्थ्याच्या मनात उत्पन्न झालेल्या नाहीत. त्या बाहेर आहेत आणि त्यांचा उपायही बाहेरच करावा लागतो. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांचा मृत्यू १७ जानेवारी २०१६ रोजी झाला. त्यांना आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून काढण्यात आले होते, आणि ७ महिन्यांची अधिछात्रवृत्ती थकल्याचे त्यांनी अखेरच्या पत्रात लिहिले होते. अशा स्थितीतील तरुणाला केवळ मन शांत ठेवण्यास सांगणे म्हणजे रक्ताळलेल्या पायांना वीणेची गोष्ट सांगून वहाणा नाकारणे होय.

वहाणा पुरविण्याचे काम काही अंशी शासनाचे आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी २००५-०६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फतही संशोधकांना अधिछात्रवृत्ती दिली जाते. या योजना आपल्या हक्काच्या आहेत; त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून संघटितपणे मागणी करणे हा संशोधनापासून ढळलेला मार्ग नव्हे. मानसिक त्रास अनावर झाल्यास वैद्यकीय सल्ला घेणे यातही कमीपणा नाही. पाय फुटले असता भगवंतांनीही ते दुर्लक्षिले नाहीत.

काही काम मात्र आपल्या विहारांचे आणि वाचकांचे आहे, आणि ते खर्चाचे नाही. विहाराच्या अभ्यासिकेत संशोधक विद्यार्थ्याला एक कायमची मेज-खुर्ची राखून द्यावी. महिन्यातून एकदा परिसरातील संशोधकांनी एकत्र बसून प्रत्येकाने आपले दहा पानांचे लेखन वाचून दाखवावे. ज्यांनी पदवी मिळविली आहे, त्यांनी आपली परत आलेली प्रकरणे, लाल रेघांसकट, नव्या विद्यार्थ्यांना दाखवावीत. पदवीदानाच्या छायाचित्रापेक्षा त्या कागदांचा उपयोग अधिक होईल. मुद्रिते वाचून देणारे वाडिया आपल्यातही असावेत. आणि संशोधकाच्या घरच्यांना आमची विनंती आहे की, 'कधी संपणार?' या प्रश्नाऐवजी 'या आठवड्यात काय सापडले?' असे त्याला विचारावे. दुसरा प्रश्न विचारणाऱ्या घरात प्रबंध लवकर पुरा होतो.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रबंध हा ज्ञानाच्या क्षेत्रातील शेवटचा शब्द नसतो, आणि लिहिणाऱ्याच्या आयुष्यातीलही नसतो. रुपयाच्या प्रश्नाचा प्रबंध पुरा झाला, म्हणून डिसेंबर १९२५ मध्ये भारतीय चलनविषयक शाही आयोगापुढे बाबासाहेबांना अधिकारवाणीने साक्ष देता आली. प्रांतिक अर्थकारणाचे त्यांचे ज्ञान पुढे राज्यघटनेच्या चर्चेपर्यंत त्यांच्या सोबत राहिले. परत आलेला प्रबंध त्यांनी १९२३ मध्ये कपाटात ठेवून दिला असता, तर त्यांच्या नावापुढील चार अक्षरेच कमी झाली नसती. त्या साक्षीमागील अधिकारही उणावला असता. आज ज्यांच्या घरी तिसरे किंवा चौथे प्रकरण धूळ खात पडले आहे, त्यांनी ते उद्या सकाळी बाहेर काढावे, पहिल्या पानावरील शेरे मांडणीचे किती आणि निष्कर्षाचे किती हे मोजावे, आणि पहिल्या शेऱ्यापासून कामास लागावे.